एजवेअरचे सभापती

अमेरिकेचं सरकार बंद पडलं की मला लंडनच्या एजवेअरहून काकांचा फोन येतो. मी आता लीड्सला असतो, त्यांचं घर सोडून बरीच वर्षं झाली, पण बातमी आली रे आली की फोन वाजणार हे ठरलेलं. "पडलं रे बंद!" एवढंच म्हणतात आणि मोठ्याने हसतात. यंदाही आला. तिकडे बेकायदा राहणाऱ्यांच्या धरपकडीवरून दोन पक्ष हमरीतुमरीवर आलेले, बजेट अडलेलं, आणि इकडे सत्तरीला टेकलेला माणूस शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखा खूश. ज्याला आतली गोष्ट माहीत नाही, तो या माणसाला शंभर टक्के वेडा ठरवेल. मीही ठरवला होता.

काका माझे नात्याने कुणी नव्हेत. घरमालक. मी सांगलीहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर लंडनला आलो तेव्हा त्यांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली. इथे घर देणाऱ्याने भाडेकरूचे व्हिसाचे कागद तपासायचे असा कायदा आहे. बहुतेक घरमालक एक फोटोकॉपी काढतात आणि मोकळे होतात. काकांनी माझा पासपोर्ट खिडकीपाशी नेला, भिंग लावलं, पान न् पान उलटलं आणि म्हणाले, "टोपी काढ. कान बघू."

"कान?"

"फोटोत माणूस दाढी ठेवतो, काढतो, जाड होतो. कान बदलत नाहीत."

मी कान दाखवले. बाहेर थंडीने काकडत आलो होतो, समोर किटली उकळत होती, पण पाजतील तर शपथ. "आधी कागद, मग चहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. हयात बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून गेलेली. प्रत्येक भाडेकरूची वेगळ्या रंगाची फाइल होती आणि कुणाचा व्हिसा कधी संपतो हे त्या भाडेकरूच्या आधी काकांना माहीत असे. माझी मुदत संपायच्या तीन महिने आधी त्यांनी न्याहारीच्या टेबलावर माझ्या ताटलीखाली चिठ्ठी सरकवली होती. मी चिडलो होतो. नंतर कळलं की मी ती तारीख साफ विसरलो होतो.

घरात माझ्याशिवाय दोघं होती. वरच्या खोलीत हॉस्पिटलात काम करणारी डॉक्टर, तिला आम्ही नागपूरकर म्हणायचो, आणि समोरच्या खोलीत बँकेतला एक पुणेकर. आम्हा तिघांना मिळून काकांनी एक लोकसभा चालवली होती. लोकसभा म्हणजे अमेरिकेची, बरं का. ब्रिटनच्या राजकारणात त्यांना काडीचा रस नव्हता. ज्या देशात आयुष्य काढलं तिथला पंतप्रधान कोण हे कदाचित चुकलं असतं, पण अमेरिकेतल्या कुठल्या सिनेटरने कुठल्या विधेयकाला अडवलंय ते तोंडपाठ. रोज संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे वॉशिंग्टनला दुपारचे बारा, पुढच्या खोलीतला टीव्ही लागायचा, आणि शनिवारी आमचं अधिवेशन. दोन बाजूंना दोन सोफे, मध्ये काकांची खुर्ची, खुर्चीच्या हाताला जुन्या बसमधली घंटा ठोकून बसवलेली. बसमधलाच नियम: एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चालू द्या, चार म्हणजे आणीबाणी.

खरी गंमत पुढे आहे. विषय जाहीर झाला की प्रत्येकाने आपलं खरं मत चिठ्ठीवर लिहून सभापतींच्या हातात द्यायचं. आणि मग भाषण करायचं ते त्याच्या उलट बाजूने. "स्वतःचं मत कुणालाही मांडता येतं," काका म्हणायचे. "दुसऱ्याचं मांडून दाखवा, मग मी तुम्हाला माणूस म्हणेन."

आमचा पुणेकर धरपकडीच्या बाजूचा कडवा माणूस होता. "आम्ही रांगेत उभं राहून आलो ना? मग त्यांनी पण राहावं," हे त्याचं रोजचं पालुपद. त्यामुळे शनिवारी त्याला कागद नसलेल्यांची बाजू घ्यावी लागे. आणि बोलायचा काय! एकदा वीस वर्षं तिथे भांडी घासून पोरं वाढवलेल्या बाईची कैफियत त्याने अशी मांडली की नागपूरकर, जिला त्या दिवशी धरपकडीच्या बाजूने बोलायचं होतं, ती उठून म्हणाली, "मी माघार घेते, मला नाही जमत." काकांनी घंटा मारली नाही. ते उठले आणि चहा टाकायला गेले. विषय कागदांचा निघाला आणि रंगला की काका हमखास चहा टाकायला जायचे, हे तेव्हा लक्षात आलं होतं, पण आम्हाला वाटायचं सभापतींना घसा शेकायचा असेल.

स्वयंपाकघरसुद्धा याच कायद्याने चाले. रविवारी संध्याकाळी आठवड्याच्या पाळ्यांचं बजेट मंजूर व्हायचं. एकमत झालं नाही तर स्वयंपाकघर बंद, अत्यावश्यक सेवा म्हणून फक्त चहा. नागपूरकरच्या झणझणीत मटणावरून आणि पुणेकरच्या साखर घातलेल्या आमटीवरून एकदा तीन दिवस शटडाउन झाला. तिसऱ्या दिवशी काका जिन्यात बसून गुपचूप चिप्स खाताना सापडले. "मी अत्यावश्यक कर्मचारी आहे," म्हणाले, आणि पुडा पाठीमागे लपवला.

तर तो हिवाळा. अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीवरून जुंपली होती. एक बाजू पैसे द्या म्हणते, दुसरी छदाम देणार नाही म्हणते, आणि एके दिवशी सरकारची निम्मी खाती बंद. काका त्या दिवशी वेम्बलीला गेले आणि पेढे घेऊन आले. पुणेकरचं डोकं फिरलं. "काका, लोकांचे पगार थांबलेत तिकडे. पेढे कसले वाटता?"

पाच वाजता फोन वाजला. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असे, त्यामुळे सगळं घर ऐके.

"बाबा, I'm home! आमचा म्युझियम बंद झाली. लॅबला कुलूप. लॅपटॉप पण घेतली त्यांनी, ईमेल सुद्धा बघायचा नाही."

ही त्यांची एकुलती एक मुलगी. वेम्बलीत वाढलेली, वॉशिंग्टनच्या एका सरकारी संग्रहालयात जुनी वस्त्रं दुरुस्त करायच्या कामावर. लग्न तिकडच्याच माणसाशी. एरवी तिचा फोन रविवारी, घाईघाईत दहा मिनिटं. सरकार बंद पडलं की रोज, तासभर. काका टीव्हीसमोर बसून कुठल्या बाजूची मतं मोजत होते ते मला त्या दिवशी समजलं. त्यांना भिंत हवी नव्हती आणि नकोही नव्हती. त्यांना फक्त ठराव पडायला हवा होता.

आणि तो रोज पडत होता! रोज पाचला आम्ही कामावरून धावतपळत यायचो. मतदान फसलं की काका टाळी वाजवायचे आणि पाठोपाठ फोन. ती भाजी चिरता चिरता बोलायची, काका ती कशी चिरावी ते सांगायचे. नवऱ्याबद्दल, शेजारच्या कुत्र्याबद्दल, कुठल्याशा तीनशे वर्षांच्या झग्याबद्दल बोलणं व्हायचं. पण शेवटची पाच मिनिटं रोज एकाच जागी येऊन अडायची.

"बाबा, मी अकरा वेळा आले. आता तुझी टर्न. माझी घर बघायला ये ना."

"येईन गं. कंबर बरी होऊ दे."

"तुझी कंबर माझ्या लग्नापासून दुखते."

हे खरं होतं. तिच्या लग्नालाही काका गेले नव्हते. काकू एकट्या जाऊन आल्या, काका विमानतळाच्या दारापर्यंत. पुढे काकू वारल्या. एका बुधवारी मुलगी फोनवर रडायलाच लागली. "तू रोज टीव्हीवर बघतो माझ्या घरापासून वीस मिनिटांवर काय चाललंय. सगळा सिनेट तुला माहीत आहे. फक्त माझी घर नको तुला." फोन बंद झाल्यावर काका बराच वेळ टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत बसले.

नागपूरकरने ते ऐकलं आणि ती पेटली. शनिवारी तिने विषय मांडला: काकांनी अमेरिकेला जावं.

"नियमबाह्य," काका म्हणाले.

"कुठला नियम, काका? कुठलाही सदस्य कुठलाही विषय मांडू शकतो, तुम्हीच लिहिलंय. दारामागे चिकटवलंय."

काकांनी दारामागचा कागद वाचला आणि स्वतःचीच सही बघितली. विषय त्यांच्याबद्दलचा, म्हणून त्यांनी खुर्ची सोडायची असंही त्यातच लिहिलेलं निघालं. मला सभापती केलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या घंटेला हात लावला. पाच वाजता फोन आला, नागपूरकरने तो साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि मुलीला सदस्य करून घेतलं. तिला खेळ लगेच समजला. लहानपणापासून या माणसाबरोबर राहिलेली ती.

मतं घेतली. काकांची चिठ्ठी: जाऊ नये. मुलीचं मत: यावं. म्हणजे आता काकांनी जाण्याच्या बाजूने बोलायचं आणि मुलीने येऊ नये म्हणून.

मी दोन घंटा दिल्या. काका उभे राहिले.

"सन्माननीय सदस्य," त्यांनी सुरुवात केली. आवाज बसमध्ये तिकीट मागतानाचा. "गृहस्थाने जावं. कारण एक, मुलीने त्याच्यासाठी खोली करून ठेवली आहे. खिडकी पूर्वेला आहे. खोलीला निळा रंग दिला, तो तिला आवडत नाही, बापाला आवडतो. कारण दोन, पुढच्या दाराला चार पायऱ्या आहेत, तिसरी हलते. जावई ती वर्षभर दुरुस्त करतोय. गृहस्थाला ती एका सकाळी करता येईल. कारण तीन..." ते थांबले. "कारण तीन, ती घरी कशी बसते, कुठे चप्पल काढते, हे बापाला माहीत नाही. हे माहीत असावं." आणि बसले. प्रत्येकाला तीन मिनिटं असत, त्यांनी एकही पूर्ण वापरलं नव्हतं.

इतकं सगळं पाठ असलेला माणूस जात का नाही, हा प्रश्न आमच्या तिघांच्याही चेहऱ्यावर होता. मी मुलीला दोन घंटा दिल्या.

"ओके. बाबाने येऊ नये," ती म्हणाली. सुरुवातीला हसत होती. "कारण... कारण तो माझ्या लग्नाला आला नाही, सो आता कशाला? त्याला मी हा नवरा केलेला आवडला नाही. त्याने म्हटलं नाही कधी, पण मला कळतं. जिथे आवडत नाही तिथे म्हातारा माणूस जाऊन काय करणार? उगाच सगळ्यांना त्रास. मी पण आता विचारणं बंद करावं. I should just stop asking..."

काका उठून माझ्या अंगावर आले. माझा हात बाजूला सारून त्यांनी घंटा मारली. एक, दोन, तीन, चार.

"चूक! साफ चूक!" ते ओरडले. "जावई लाख माणूस आहे! माझ्याकडे पासपोर्ट नाही!"

ज्या माणसाने आमचे कान तपासले होते, त्याच्याकडे पासपोर्ट नाही.

मग काका बोलले, खुर्चीच्या पाठीला धरून, नियमबियम सोडून. नऊ वर्षांचे असताना ते आईबरोबर नाशिकहून आले. तेव्हा मुलाला वेगळा पासपोर्ट लागत नसे, आईच्या पासपोर्टात नाव असे. त्यांचं नाव, त्यांचं वय आणि विमानतळावरचा शिक्का, सगळं आईच्या त्या पुस्तकात. शाळा झाली, बसची नोकरी झाली, घर झालं, कुणी काही विचारलं नाही. मग आई गेली. मावसभाऊ अस्थी घेऊन नाशिकला निघाला.

"मी जन्मभर लोकांची तिकिटं बघितलेली," काका म्हणाले. "म्हटलं, म्हातारी एवढ्या लांब एकटी चालली, कागदाशिवाय कशी जाऊ देऊ? तिचा पासपोर्ट कलशाला बांधला आणि भावाला म्हटलं, दोन्ही सोड. तो शब्दाचा पक्का. त्याने दोन्ही गोदावरीत सोडले."

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते पासपोर्टाचा फॉर्म घेऊन आले, आणि फॉर्मने विचारलं, तुम्ही या देशात कधी आणि कसे आलात, पुरावा जोडा. तेव्हा त्यांना कळलं की आपण काय सोडलंय. त्यानंतर त्यांच्यासारख्या जुन्या लोकांकडे कागद मागतात, कागद नसले तर घालवून देतात, अशा बातम्या यायला लागल्या. "विचारायला गेलो आणि ते म्हणाले, तू कोण, तर? " ते फोनकडे वळले. "तुझ्या आईला माहीत होतं. मीच शपथ घातली होती तिला, सांगायचं नाही म्हणून."

"बाबा," फोनमधून आवाज आला. ती रडत होती आणि हसतही होती. "तू एवढी वर्षं कंबर धरून चालला."

पहिला हलला तो पुणेकर. रांगेत उभं राहायला सांगणारा पुणेकर! वर गेला, लॅपटॉप घेऊन खाली आला आणि म्हणाला, "काका, रांग कुठे असते ते मला माहितीये. जुन्या लोकांसाठी सरकारने आता सोय काढलीये. दर वर्षाचा एक पुरावा लागेल. बसा इथे."

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. अमेरिका राहिली बाजूला, आमच्या घरात माणूस सिद्ध करायचं काम निघालं. काकांनी आमच्या फायली रंगवार लावल्या होत्या, स्वतःची एकही नव्हती. माळ्यावरून बसच्या पगाराच्या पावत्या निघाल्या, युनियनचं कार्ड निघालं, दात काढल्याचं पत्र निघालं. एकेक वर्ष सापडलं की पुणेकर यादीवर खूण करायचा आणि नागपूरकर आनंदाने घंटा बडवायची. फक्त पहिलंच वर्ष सापडेना. ते त्यांच्या जुन्या प्राथमिक शाळेत सापडलं. मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या बाईंनी भलंमोठं प्रवेशाचं रजिस्टर काढून पुढ्यात ठेवलं. काकांचं नाव होतं, नाशिकचा पत्ता होता आणि खाली आईची मोडी वळणाची सही. काकांनी त्या सहीवर बोट ठेवलं आणि ते उचलेनातच. मी खिडकीबाहेर पोरांचा फुटबॉल बघत राहिलो. त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये ठराव पास झाला आणि सरकार उघडलं. त्या हिवाळ्यात काकांनी चुकवलेलं ते पहिलं मतदान.

अर्जाचं जाड पाकीट घेऊन आम्ही चौघं कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेलो. काकांनी पाकीट आत घातलं, पण हात सोडेना. मागे दोन माणसं पत्रं घेऊन थांबली. "हे आत गेलं की त्यांना कळणार मी आहे," काका हळूच म्हणाले. मुलगी तेव्हा कामावर होती, तरी नागपूरकरने तिला फोन लावला आणि काकांच्या कानाला धरला. तिने काय सांगितलं आम्हाला ऐकू आलं नाही. पाकीट पडल्याचा आवाज तेवढा आला.

पुढचं सगळं व्हायला दहा महिने लागले. आधी पत्र आलं, मग नागरिकत्वाच्या शपथेचा समारंभ झाला, मग पासपोर्ट आला, मग तिकीट. आम्ही त्यांची तयारी करून घेतली: अमेरिकेचा अधिकारी काय विचारेल, किती दिवस, कुठे उतरणार, परतीचं तिकीट दाखवा. पुणेकर अधिकारी व्हायचा आणि इतका उद्धट व्हायचा की नागपूरकर त्याला उशी फेकून मारायची.

ज्या दिवशी ते उतरणार त्या दिवशी आम्ही तिघं फोन मध्ये ठेवून बसलो होतो. विमान उतरलं. एक तास झाला, दोन झाले. मुलीचा फोन आला, "सगळे लोक बाहेर आले. बाबा नाही आला." टीव्हीवर त्या दिवसांत धरपकडीची चित्रं सारखी दाखवत. पुणेकर खोलीत येरझाऱ्या घालत होता. मला वाटलं, हे आपण काय करून बसलो, बरा होता तो माणूस एजवेअरला. अडीच तासांनी पुन्हा फोन.

"आला! आला बाबा!" आणि तिला पुढे बोलवेना. मागून माणसांचा गलबला ऐकू येत होता. मग तिने सांगितलं. कुणी अडवलं वगैरे काही नव्हतं. बाबांची पाळी जवळ आली की ते मागच्यांना म्हणायचे, तुम्ही व्हा पुढे. असं करत करत सगळं विमान पुढे गेलं, त्यामागचं विमानही गेलं, रांगेत एकटे बाबा उरले आणि अधिकाऱ्याने हात करून बोलावलं.

"डोळे लाल होते त्याचे. मी घाबरले. मी विचारलं, बाबा, त्यांनी तुला काय केलं? तर म्हणाला, काही नाही गं. त्याने विचारलं, कोणाकडे आलात? मी म्हटलं, मुलीकडे. तर म्हणाला, मग जा, ती बाहेर थांबली असेल."